खिडकीच्या आतून

४ मार्च, मंगळवार

आली! कुठं शोधायला गेले नाही, कुणाला विचारलं नाही. स्वतःच्या पायांनी चालत माझ्या खिडकीशी आली.

रांगेत सातवी. बारीक चणीची पोर, ओढणी पोटावरून दोनदा गुंडाळलेली. पाचवा महिना सरत आलेला. नवीन कार्ड काढायचं म्हणाली. गरोदर बाईला आमच्या पोषण केंद्रातून दर महिन्याला मिळतं ते — पीठ, डाळ, तेलाची बाटली, दूध पावडर, लोहाच्या गोळ्या. अर्ज हातात घेतला. आडनाव वाचलं. पत्ता वाचला. पेन जागच्या जागी थांबलं.

“सासूबाई काय करतात?”

“याच केंद्रात होत्या, ताई. गेल्या वर्षी रिटायर झाल्या.”

मोठ्या बाई! मोठ्या बाईंची सून!

मी म्हटलं, “अंगठ्याचं यंत्र बंद आहे. पुढच्या बुधवारी या.”

यंत्र टेबलाच्या कडेला हिरवा दिवा लावून चालू होतं. मी त्यावर माझी पिशवी ठेवली.

५ मार्च

हे कधी लिहिलं नव्हतं. आज लिहिते, म्हणजे हात ढिला पडायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी मी याच खिडकीच्या बाहेर होते. सातवा महिना. लाँड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री. पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. घरात नवरा आजारी, खाण्याचे हाल. कुणीतरी म्हणालं, केंद्रात जा, हक्काचं मिळतं.

हक्काचं! आत मोठ्या बाई बसायच्या. पहिल्या खेपेला म्हणाल्या, फोटोत कान दिसत नाहीत. दुसऱ्या खेपेला — सही काळ्या शाईत आहे, निळी लागते. तिसऱ्या खेपेला नवऱ्याचा दाखला. चौथ्या खेपेला माझा नंबर आला आणि त्यांनी डबा उघडला, खिडकी लावून घेतली. पाचव्या खेपेला मी जरा आवाज चढवला. तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “पोट वाढवताना आम्हाला विचारलं होतं का गं?”

सगळी रांग हसली. आणि मीही हसले. हेच जात नाही मनातून. त्या बोलल्या ते एक वेळ जाईल. मी हसले ते जात नाही.

सहाव्यांदा गेलेच नाही.

मुलगा झाला. सतराशे ग्रॅम. अकरा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, आईच्याच अंगात काही नव्हतं, पोराच्या कुठून येणार.

मोठ्या बाई रिटायर झाल्या आणि त्यांची जागा निघाली, तेव्हा मी अर्ज केला. मुलाखतीत म्हटलं, मला बायकांची सेवा करायची आहे. छे! मला ती खुर्ची हवी होती. बस्स. तिच्यावर बसून काय करायचं ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे.

१२ मार्च, बुधवार

बरोबर दहाला हजर. यंत्र आज ‘दुरुस्त’ झालं होतं. वजन घेतलं — सेहेचाळीस किलो दोनशे. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. पट्टीचा रंग बरा नव्हता. लिहून घेतलं. मग फोटो उचलला, उजेडात धरला, हवा तेवढा वेळ बघितला.

“कान दिसत नाहीत.”

तिनं कानांना हात लावला. खरंच! जागेवर आहेत की नाहीत ते बघितल्यासारखं. म्हणाली, “चुकलंच माझं. परत काढून आणते.”

चुकलंच माझं म्हणे. मोठ्या बाईंच्या घरातली माणसं चुकलं म्हणायला शिकली! आता ही घरी जाणार, सासूला सांगणार, आणि सासूला कळणार, आपलीच वाक्यं बाहेरून ऐकायला कशी लागतात ती.

१३ मार्च

कित्येक महिन्यांनी आज जेवण गोड लागलं.

१९ मार्च, बुधवार

नवा फोटो. कान अगदी ठसठशीत. मग मी सही बघितली. काळी शाई.

केंद्रात झाडलोट करणाऱ्या आणि पाकिटं लावणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, “अहो ताई, काळी चालते की. काल तिघींची घेतलीत.”

“मावशी, तुम्ही तुमची पोती बघा.”

त्यांनी पोती बघितली. पण जाता जाता त्या पोरीला पाण्याचा पेला दिला. माझ्याकडे पाठ करून.

ती पाणी पिऊन म्हणाली, “निळं पेन असेल का तुमच्याकडे?” तीन पेनं होती समोर. तिन्ही निळी. “ऑफिसचं पेन बाहेर देत नाही.”

मोठ्या बाईंना हेसुद्धा सुचलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

२० मार्च

न राहवून नवऱ्याला सांगितलं. वाटलं, खूश होईल. तो चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

“या पोरीनं काय केलंय तुझं?”

“तिच्या सासूनं केलंय.”

“मग हे वड्याचं तेल वांग्यावर झालं.”

मी चिडले. नको ते बोलले. म्हटलं, “तुला काय! तुझा नव्हता का तो मुलगा?”

“होता,” तो म्हणाला. “म्हणूनच सांगतोय.”

चहा तसाच ठेवून कामावर गेला. मऊ माणूस! मऊ माणसांमुळेच मोठ्या बाईंसारख्यांचं फावतं.

२६ मार्च, बुधवार

निळी सही. आज नवऱ्याचा दाखला मागायचा होता. वाक्य तयार होतं.

आधी काट्यावर उभी केली. पंचेचाळीस किलो चारशे.

मला वाटलं, काटा बिघडला. उतरवलं, शून्य बघितलं, परत चढवलं. तेवढंच. सहावा महिना लागला. या दिवसांत काटा चढायला हवा. दोन आठवड्यांत आठशे ग्रॅम उतरला होता.

उतरताना तिचा तोल गेला. मावशींनी धरलं, बाकावर बसवलं. मी खिडकी सोडून बाहेर आले. म्हटलं, “घरी नीट खात नाहीस का? मोठ्या बाईंच्या घरात काय कमी आहे?”

“आहे ना सगळं. सगळ्यांचं झालं की मी बसते. तेव्हा असेल ते.”

“आणि नवरा?”

“ते लांब आहेत कामाला. सहा महिन्यांनी येतात.”

“मग सासूबाईंनीच का नाही काढून दिलं कार्ड? त्यांच्या एका शब्दावर झालं असतं.”

ती इकडंतिकडं बघून हळू आवाजात बोलली. “त्यांना नकोच आहे, ताई. म्हणतात, ज्या खिडकीत मी राज्य केलं, तिथं माझी सून पिशवी घेऊन उभी राहणार? मी लपून येते. पहिल्यांदा परत गेले तेव्हा शेजारणीनं चुगली केली. तेव्हापासून रोज विचारतात, मिळालं का गं काही? नाही म्हटलं की हसतात. म्हणतात, बघ, सांगितलं होतं ना! त्या दिवशी फार खुशीत असतात.”

मी दाखला मागितला नाही. घरी जा म्हटलं.

२७ मार्च

म्हणजे मी दर बुधवारी मोठ्या बाईंना खूश करत होते!

ज्या बाईवर सहा वर्षं दात-ओठ खाल्ले, तिचीच नोकरी केली मी. ती घरी पाय पसरून बसली आणि तिचं काम मी फुकटात चालवलं. तिची वाक्यं, तिचा आवाज. चष्मा तेवढा राहिला होता.

मला वाटत होतं, सूड त्या घरात शिरतोय. तो दारातच त्या पोरीच्या अंगावर सांडत होता. आत गेला तो नुसता हसण्याचा विषय होऊन.

आठशे ग्रॅम. हा आकडा माझ्या हातानं लिहिलाय. खोडता येत नाही.

२८ मार्च, शुक्रवार

निरोप धाडून बोलावलं. कार्ड काढलं. अंगठा, शिक्का, सही — पंधरा मिनिटं लागली. सगळ्याला मिळून पंधरा मिनिटं!

पाकिटं घरी नेली तर सासू काढून घेईल म्हणाली. मग असं ठरवलं: तिचं सामान केंद्राच्या कपाटात. ती रोज सकाळी येईल, मावशी गरम करून देतील, इथंच बसून खाईल. नियमात असं कुठं लिहिलेलं नाही. असं करू नये असंही लिहिलेलं नाही. दोनदा वाचून काढले.

राग गेला म्हणून नाही केलं. राग आता कुठं नीट रस्त्याला लागलाय.

९ एप्रिल, बुधवार

आज मोठ्या बाई आल्या. स्वतः!

रांग सोडून थेट खिडकीशी. केस पांढरे झालेत, बाकी ताठा तोच. “माझ्या सुनेचं कार्ड रद्द करा.”

“रांगेतून या.”

“मी बावीस वर्षं बसलेय त्या खुर्चीवर.”

“मग रांग कशी असते ते माहीत असेल तुम्हाला.”

मागच्या बायका फिस्सकन हसल्या. मोठ्या बाई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मी एकेकीचं काम अगदी सावकाश, प्रेमानं केलं. तासाभरानं त्यांचा नंबर लागला.

म्हटलं, “कार्ड रद्द करायला जिचं आहे तिनंच यावं लागतं. सासूच्या सांगण्यावरून होत नाही. आणि तिला कुणी अडवलं, उपाशी ठेवलं, तर मी वर लेखी कळवते. कळवू का?”

चेहरा उतरला. हा क्षण मी सहा वर्षं मनात घोळवला होता. खिडकीतून पुढं वाकले. “मला ओळखलंत?”

त्यांनी बघितलं. खरोखर प्रयत्न केला, हे दिसत होतं. कपाळाला आठ्या घातल्या.

“नाही बाई. रोज शंभरेक यायच्या. कुणाकुणाला लक्षात ठेवणार?”

पिशवी सावरत गेल्या. जाताना उंबऱ्याला अडखळल्या. मावशी धावल्या. मी उठले नाही.

१० एप्रिल

त्यांना आठवतसुद्धा नाही.

मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होते?

२२ एप्रिल, मंगळवार

सत्तेचाळीस किलो शंभर. आज तिच्या कार्डाचं मागचं पान भरायचं होतं. ‘अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे’ — विचारलं, नवऱ्याचं नाव घालू? म्हणाली, “ते लांब आहेत. तुमचं घाला ना, ताई. माझं इथं दुसरं कोण आहे?” घातलं. पहिल्या तीन खेपांना मी तिच्याशी काय केलं, ते तिला अजून माहीत नाही.