रकाना सदतीस

३ जून २०२५. सकाळी १०.
संकल्प. मांडवगण फराट्याच्या या वाचनालयात बावीस वर्षं ग्रंथपाल आहे, पण सगळी अक्कल कपाटं लावण्यात गेली. आता नाही. लेखकांच्या नावांच्या नोंदीचा स्वतःचा फॉरमॅट करणार. एक माणूस, एकच नोंद, त्याची सगळी नावं तिथंच. २८ तारखेला दौंडला ग्रंथपालांची मीटिंग आहे. तिथं जो फॉरमॅट पास होईल तो जिल्हाभर चालणार. म्हणजे माझाच.
रकाने: चौसष्ट. माझी असिस्टंट सुषमा म्हणाली, सर, पाच पुरे की. नाव, दुसरं नाव, जन्मसाल, गाव, पुस्तकं. तिला रॅक पुसायला लावलं.

६ जून.
नमुना नोंद तयार. लेखक: हौसराव नागवडे, म्हणजे मीच. पुस्तक अजून नाही, पण डोक्यात आहे. रकाना ५८, स्वभाव: विनम्र.

११ जून.
नोंदी पुऱ्या होईपर्यंत पुस्तकं देणं बंद. गेणबा आबा चिडले. म्हणाले, पुस्तक मागतूय, लेखकाशी सोयरीक न्हाई जुळवायची. त्यांना मेटाडेटा काय कळणार.

१६ जून. दुपारी.
रकाना ३७: पतीचे नाव. लेखिकांना सक्तीचा. सुषमानं विचारलं, मग लेखकांना बायकोचं नाव का नको? म्हटलं, त्यानं साहित्याला काय फरक पडतो.
ज्ञानेश्वरी ढमढेरे म्हणून कुणी बाई आहे. ‘उसाच्या पल्याड’, कथा. पती सापडेना. ३७ रिकामा, म्हणून नोंद बाद. नोंद बाद, म्हणून पुस्तक बाद. सुषमा रडकुंडीला आली. गावातल्या बाया हेच नेत्यात सर, वाचून वाचून फाटलं म्हणून दोनदा शिवलंय. नियम म्हणजे नियम. रद्दीत टाकलं, तिच्याच हातानं.

१७ जून.
जेवताना बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, कुठलं पुस्तक? सांगितलं. म्हटलं, लग्न न जमलेली असणार, तसल्याच लिहीत बसतात. भाकरी वाढून आत गेली. तिला वाचनाचं वावडंच.
अनुपमा हे तिचं नाव मीच ठेवलं, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. माहेरचं काय होतं कोण जाणे. सासरे ढमढेरेच, पण त्या आडनावाची माणसं ढीगभर आहेत.

२५ जून.
भाषण पाठ झालं. अनुपमाला म्हटलं, चल दौंडला, नवऱ्याचा सत्कार बघ. म्हणाली, मला तिथलं येगळं बोलावणं हाय. बहिणीकडचं असेल.

२८ जून. दौंड.
मला नवव्या रकान्यावर थांबवलं. पास झाला सुषमाचा, पाच रकान्यांचा. मला न विचारता पाठवला होता. पडद्यावर तिची नमुना नोंद. नाव: ज्ञानेश्वरी ढमढेरे. दुसरं नाव: अनुपमा हौसराव नागवडे. पुस्तकं: सात.
सात. लेखिका पाहुणी म्हणून स्टेजवर बसली होती. माझी बायको. साडी मी कधी बघितलेली नव्हती.
अध्यक्ष म्हणाले, ज्याचं पुस्तक नाही त्याची नोंद नाही. माझी नमुना नोंद खोडली. क्षणभर वाईट वाटलं. मग विचार केला, असू दे, तिच्या दुसऱ्या नावात तरी मी जिल्हाभर जाणार. पत्नीचं यश ते पतीचंच. उठून टाळ्या वाजवल्या.
तेवढ्यात सुषमानं माइकवरून तिला विचारलं, मॅडम, ह्या दुसऱ्या नावानं तुमचं एखादं पुस्तक हाय का? नसलं तर ठिवायचं का नाव?
ती म्हणाली, न्हाई. काढून टाक.