फलाटाच्या टोकाचे सात गुंठे

मी, काशीराम बाबली पाताडे, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती, शिक्षण चौथी (वर्गात पहिला), राहणार मौजे नागझरवाडी, तालुका वैभववाडी, जिल्हा सिंधुदुर्ग, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना व चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते येणेप्रमाणे :

१. राहते घर व परसातील विहीर मुलगा यतीन यास मिळावी. विहिरीत पंप बसवण्यास माझी हरकत होती, ती माझ्याबरोबर संपेल.

२. दोन कोयते व विळा सून समीक्षा हिला. यतीनला कोयत्याची धार कळत नाही, हे त्याने मनास लावून घेऊ नये.

३. स्टेशनाला लागून असलेली सात गुंठे काजूची बाग. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आमच्या स्टेशनाचा फलाट पंधरा डब्यांचा. चतुर्थीला मुंबईहून येणारी गाडी बावीस डब्यांची. मागील सात डबे फलाटाबाहेर खडीवर थांबतात. सन २०१२ मध्ये फलाट वाढवण्यासाठी माझ्या बागेची मागणी झाली. मोजणीचे साहेब न विचारता आत शिरले व मला म्हणाले, "आजोबा, जरा बाजूला व्हा." त्या वेळी मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि माझे सर्व दात शाबूत होते. मी संमती नाकारली.

शेजारी धोंडू गुरव यांनी भर रस्त्यात विचारले, "काशीराम, तुझे काजू खंयच्या गाडयेत बसतले? लोकांका उतरू दी मरे!" मी घरी जाऊन बागेच्या कुंपणाला आणखी एक तार मारली.

गेल्या चतुर्थीस मुलगी प्रेमलता विसाव्या डब्यातून खडीवर उतरताना पडली व तिचा घोटा मोडला. मी धावत गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तुमचो मान सांभाळा. माझो पाय मी सांभाळतंय." यंदा येणार नाही, असे तिने कळवले आहे.

बागेची मागणी पुन्हा आली आहे. नवे साहेब "काका" म्हणतात. सबब माझ्या पश्चात ही बाग फलाटासाठी देण्यात यावी.

४. वरील मजकूर साक्षीदारांस वाचून दाखवला असता धोंडू म्हणाले, "म्हणजे तू मरासर फलाट वाढाचो नाय? मगे चतुर्थीक सगळो गाव तुझ्या मरणाची वाट बघतलो. बरा दिसता काय तां?"

विचाराअंती मला ते बरे दिसले नाही. आज सकाळी अकरा वाजता मी संमतीपत्रावर सही करून दिली. सबब कलम ३ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. धोंडू यांचे म्हणणे बरोबर होते, हे फक्त येथेच नमूद केले आहे. तोंडी विचारल्यास मी नाकारीन.

५. फलाट या चतुर्थीपर्यंत होणार नाही. तोवर प्रेमलताने पहिल्या पंधरा डब्यांतील तिकीट काढावे. न मिळाल्यास हरकत नाही. मी स्वतः घरातील लाकडी स्टूल घेऊन खडीवर उभा राहीन. तिने फक्त डब्याचा क्रमांक कळवावा. या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. यतीनने हे आजच तिला फोनवर वाचून दाखवावे.

ठिकाण : नागझरवाडी
दिनांक : ३ जुलै २०२५

लिहून ठेवणार : काशीराम बाबली पाताडे (सही, अंगठा नव्हे)

साक्षीदार :
१. धोंडू गुरव, शेजारी
२. दत्तप्रसाद राणे, निवृत्त पोस्टमन