ससाण्याचा बंदोबस्त

३ मार्च, सकाळ
परसातल्या कोंबड्यांवर ससाणा पडला. हिच्या डोळ्यांदेखत तपकिरी तलंग मारली. ही रडली. मी नाही. आयुष्यभर गोदामाची सिक्युरिटी पाहिलेला माणूस पाखरासाठी रडत नाही, बंदोबस्त करतो. मूठभर जीव, वाटाण्याएवढा मेंदू. कसले शत्रू वाट्याला येतात हल्ली!

शेजारचा टकल्या कुंपणावरून म्हणाला की वरून जाळी टाका, मी टाकलीय. न मागता सल्ला. जाळी म्हणजे शत्रू आला की दार लावून आत बसायचं. त्याला ते शोभतं. बायको ओरडली की गॅरेजमध्ये जाऊन बसणारा इसम.

५ मार्च
बुजगावणं उभं केलं. माझा जुना युनिफॉर्म, टोपी, छातीत पेंढा. जरब आहे. ही म्हणाली, हुबेहूब तुम्हीच, फक्त गप्प. दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी
ससाणा बुजगावण्याच्या टोपीवर बसला. बराच वेळ. भीतीने त्याला उडता आलं नसणार. टोपी धुवायला टाकली.

८ मार्च
मूळ दोष ससाण्यात नाहीच. कोंबड्यांत आहे. शिस्त शून्य. आभाळाकडे लक्ष नाही, नुसतं माती उकरणं. यांच्यापेक्षा माझे नाइट शिफ्टचे वॉचमन बरे, निदान झोपेतून दचकून तरी उठायचे.

उद्यापासून ड्रिल. मी शिट्टी मारणार, काळी छत्री उघडून अंगावर धावून जाणार. त्यांनी झुडपाखाली कव्हर घ्यायचं. ही म्हणाली, अहो, त्या मरतील धसक्याने. म्हटलं, ट्रेनिंगमध्ये कोणी मरत नाही.

९ मार्च
पहिलं ड्रिल. गोंधळ. एक पाण्याच्या टबात, एक टकल्याच्या आवारात. ती परत करताना टकल्या हसत होता. म्हणे आमच्या शांत असतात. शांत नव्हे, मंद. मालकावर गेल्यात.

१२ मार्च
अफाट प्रगती. आता शिट्टीसुद्धा लागत नाही. मी मागचं दार उघडलं की सगळ्या झुडपाखाली. ही म्हणाली, अंडी बंद झालीत. युद्धात उत्पादन घटतंच, एवढं साधं हिला कळत नाही. मग म्हणाली, लंगडी आता माझ्याही हातून दाणे खात नाही. लंगडी हिची लाडकी. पिल्लू असताना पाय मोडला होता, हिनेच खोक्यात ठेवून वाढवली. लाडानेच बिघडलीय. उद्या तिला स्पेशल ड्रिल.

१३ मार्च, दुपार
लंगडीचं ड्रिल चालू असतानाच ससाणा आला. मी छत्री घेऊन तिच्यामागे, ती माझ्यापुढे. झुडूप सोडून मोकळ्यावर पळाली मूर्ख. वरून तो पडला. मी शिट्टी मारली. पुन्हा मारली. ही वाळत घालायच्या ओल्या चादरीसकट धावत आली, चादर ससाण्यावर फेकली. तो सुटून उडाला. लंगडी वाचली, पाठ फाटलीय.

माझ्या शिट्टीने त्याचा नेम चुकला, हे उघड आहे. हिला तसं सांगितलं. ही लंगडीला उचलून आत गेली.

१४ मार्च
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. लहान वयाची मुलगी, चष्मा कपाळावर. लंगडीला टाके घातले. मी जरा जवळ गेलो तर लंगडीने हिच्या काखेत डोकं खुपसलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरी या कोंबडीला रोज घाबरवणारं काही आहे का? मी म्हणालो, ससाणा. त्या म्हणाल्या, तो रोज येतो? ही म्हणाली, तो नाही येत रोज. आणि माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनीही पाहिलं. म्हणाल्या, वरून जाळी टाका, आणि जे काय आहे ते काही दिवस कोंबड्यांच्या नजरेआड ठेवा.

आजकाल कोणालाही डिग्र्या देतात.

१५ मार्च
जाळी टाकली. ही आणि टकल्या. मला परसात यायला बंदी, सबब स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुपरव्हिजन केलं. टकल्याची गाठ ढिली होती. ओरडून सांगितलं. कोणी वर बघितलं नाही. कोंबड्यांनी तेवढं बघितलं. मग हिने येऊन पडदा ओढला.

२३ मार्च
अंडी सुरू. मोहीम फत्ते, असंच म्हणावं लागेल. ट्रेनिंगचं फळ जरा उशिरा येतं. टकल्याला मात्र हिने टोपलीभर अंडी पाठवली. कशाबद्दल?

दुपारी ही झोपली होती. पडद्याच्या फटीतून पाहिलं. ससाणा जाळीवर येऊन बसलेला, ऐटीत. खाली सगळ्या आपल्या माती उकरतायत. एकीनेही मान वर केली नाही. म्हटलं, आता यांना सावध करणं माझं कर्तव्यच आहे. पडदा सारला, काचेवर टकटक केलं.

क्षणात सगळ्या झुडपाखाली. लंगडी टाक्यांसकट सगळ्यांच्या पुढे.

ससाणा बसूनच होता. मी पडदा लावून घेतला.