यंत्राने काढलेला माझा पायगुण

अकोला, १० एप्रिल १९६८

आदरणीय पुंजारामभाऊजी यांस देवमनचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. तिकडे आक्काची कंबर, संत्र्याचा बहार आणि तुमच्या मातोश्री जाईबाईंचा आवाज चांगला असेल. कोणाला ताप नसेलच. (असलाच, तर मी तिकडे आलेलो नव्हतो हे ध्यानात असू द्या.)

आम्हा हिवताप खात्याच्या लोकांना संख्याशास्त्र शिकायला अमरावतीला बोलावले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सरकार फुकट शिकवते म्हणजे काहीतरी काढून घेणार. मास्तर म्हणाले, एकेका गावाचे एकेक कार्ड, त्यात माहितीची भोके पाडायची आणि वर हुकमाची कार्डे लावायची. ती कार्डे वाचणारे नागपूरचे गणकयंत्र सांगितले तेवढेच करते, मनचे काही करत नाही. (असा नोकर तुम्ही कुठे पाहिलात?) मी हुकूम लिहिला, की माझ्या फेऱ्या आणि तापाचे रोगी यांचा मेळ घालून दाखव. वाटले, साहेब पाठ थोपटतील.

आठवड्याने नागपूरहून कागद आला. बार्शीटाकळीकडे मी जिथे जास्त गेलो तिथे ताप जास्त, आणि जिथे फिरकलो नाही ती गावे ठणठणीत. साहेब म्हणाले, "काय बे देवमन, तू जाऊन काय करून राह्यला तिथं?" मास्तरांनी परोपरीने सांगितले, की ताप असतो म्हणून हा जातो, हा जातो म्हणून ताप येत नाही. तरी साहेबांनी माझी सायकल कचेरीत अडकवून ठेवली.

माझा संशय वेगळाच आहे. "हा देवमन आला का घरात ताप येतेच," हे जाईबाई यंत्राच्या कितीतरी आधीपासून म्हणतात. त्यांचे नागपुरात कोणी आहे काय? शालूच्या लग्नाची पत्रिका अर्ध्या अकोल्याला पोचली, सख्ख्या मामाला तेवढी नाही. भाऊजी, फार वाईट वाटले. लहानपणी पोरगी तापली की आक्काच निरोप धाडायची, म्हणून मी धावत यायचो. जाईबाईंच्या ध्यानात राहिले ते फक्त माझे येणे.

आपला,
देवमन

ता. क. मांडवात नवरीला मामाच आणतो. दुसरा मामा ठरवला असेल तर तसे स्पष्ट कळवा.

पुन्हा ता. क. मागच्या बुधवारी तुम्ही आमच्याकडे जेवून गेलात (पत्रिकेचे नावही काढले नाही), त्या दिवसापासून मला ताप आहे. नागपूरला अजून कळवलेले नाही. पत्रिकेची वाट पाहतो आहे.