शिळं माप

३ नोव्हेंबर
आज विशेष काही नाही.

४ नोव्हेंबर
लेकाचा फोन. सोळाला येतायत, दोन दिवसांसाठी. मागून नात ओरडत होती, "आजी, अजून बारा दिवस! किती ते!" मला वाटलं, बाराच? तिचा कोट व्हायचाय अजून. ह्यांचा करडा लोकरी कोट ते गेल्यापासून कपाटात लटकतोय. त्यातूनच शिवून देईन, असा शब्द दिलाय तिला.

फोन ठेवताना लेकाचं नेहमीचं — "आई, दुकान कधी बंद करतेस? इथे तुझी खोली रिकामी आहे." म्हटलं, येत्या वर्षी बघू. घाई काय आहे?

६ नोव्हेंबर
कोट उसवला. पाठीला कसर लागलेली, चांगलं कापड जेमतेम. आतल्या खिशात खडूची अर्धी वडी सापडली. किती शोधली होती मी ती! ह्यांच्याकडेच होती तर. बराच वेळ हातात धरून बसले.

८ नोव्हेंबर
शेजारचे गणिताचे मास्तर पँट आखूड करायला घेऊन आले. विचारलं, मास्तर, हल्ली दिवस असे भराभर का हो पळतात? म्हणाले, "सरळ हिशेब आहे. नात केवढी तुमची?" पाच-सहा असेल, म्हटलं. "मग तिला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. तुम्हाला अडुसष्टावा."

हिशेब बरोबर असेल, पण गळी उतरला नाही. मी पहिलं काज केलं ते अजून आठवतं. अख्खी दुपार गेली, तीनदा उसवलं, सासूबाई म्हणाल्या, "काज आहे की उंदराचं बीळ?" त्यानंतर हजारो केली. एक आठवेल तर शपथ! हात सरावला की डोकं भलतीकडे भटकतं, आणि ज्या दिवशी डोकं जागेवर नाही तो दिवस लक्षात राहणार कसा? या विचाराच्या नादात मास्तरांची पँट इंचभर जास्तच कापणार होते.

१० नोव्हेंबर
मापांची वही काढली. नातीचं पान — मागच्या सुट्टीत आली होती तेव्हाचं. वाढत्या अंगाचं पोर, म्हणून इंचभर सढळ धरलं आणि कापलं. कात्री जराही अडखळली नाही. उरल्या त्या चिंध्या.

११ नोव्हेंबर
शिवण.

१२ नोव्हेंबर
शिवण. एक गिऱ्हाईक, चेन बदलायला.

१४ नोव्हेंबर
पाच काजं. लक्षात राहावीत म्हणून मुद्दाम सावकाश केली.

१६ नोव्हेंबर
दारात एक उंच पोरगी. ही कोण, हे कळायला मला एक क्षण लागला! फोनवर नुसता चेहरा दिसतो, हातपाय कुठे दिसतात?

कोट घातला. मनगटं चार बोटं बाहेर. बटणं काजांपर्यंत पोचेनात. "घट्टच छान दिसतो, आजी," म्हणाली, आणि श्वास रोखून उभी राहिली — बटण लागावं म्हणून.

मग मी वही उघडून तारीख बघितली. अडीच वर्षं! गिऱ्हाइकांना मीच ऐकवते, मुलाचं माप चार महिन्यांत शिळं होतं, मूल घेऊन या. आणि स्वतःच्या नातीच्या वेळी तारीखसुद्धा बघितली नाही. शिवणीत अर्धा इंच कापड आहे, हवंय तीन इंच. ह्यांचा कोटही गेला. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१७ नोव्हेंबर
लेक म्हणतो, "राहू दे गं, कोटाचं काय एवढं." त्याला कसं सांगू, कोटाचं नाहीच ते.

जुन्या रोजनिश्या चाळल्या. "आज विशेष काही नाही" — एकदा सलग एकवीस दिवस. आणि तीन वर्षं लागोपाठ नोव्हेंबरात, माझ्याच अक्षरात: लेक म्हणाला, इकडे ये. म्हटलं, येत्या वर्षी बघू.

मला वाटत होतं, त्याने पहिल्यांदा विचारलं ते गेल्या उन्हाळ्यात.

१८ नोव्हेंबर
नातीचं नवं माप घेतलं. बाही सतरा. तारीख मोठ्या अक्षरात. दुकानाची किल्ली मास्तरांकडे दिली. लेकाने मशीन गाडीत चढवलंय. मागच्या सीटवर नात ते घट्ट धरून बसलीय. कोट अंगात, बटणं उघडी.