वावराच्या बदल्यात एक नाव

६ जानेवारी, मंगळ.
खाण आमच्या वावरापर्यंत आली. चारही एकर जाणार, बदल्यात घरातल्या एकाला खाणीत नोकरी. बाबांनी नाव विचारायच्या आधीच दादा पासपोर्ट फोटो काढून आला. म्हटलं, माझं नाव द्या, मला डंपर चालवायचाय. ट्रॅक्टर आठ वर्षं मीच चालवते. दादानं एकदाच रिव्हर्स घेतला, तर गोठ्याची भिंत गेली. आई हसली. बाबा नाही हसले.

८ जाने.
दोनला खाणीत ब्लास्टिंग. आईनं रोजच्यासारखी लोणच्याची बरणी फळीवरून मांडीवर घेतली, हादरा गेला, परत वर ठेवली. तिचं बोलणं तिथूनच पुढे सुरू.
"लग्न झालं का तुही नोकरी सासरी जाईन."
"अन् वावर कुठं चाललं?"
दुपारभर लाईट नाही. कोळसा आमच्या उशाला, उजेड दुसऱ्याच्या घरी. दळण तसंच परत आणलं.

१३ जाने.
दादाशी कडाक्याचं भांडण.
"तुले थे धूळ सोसन का?"
"कापूस वेचताना काय अत्तर उडते?"
खाणीच्या रस्त्याकडचा कापूस वेचला की बोटं काळी होतात, बाबांचा खोकला वर्षभर. तरी नोकरी हवीच. दादा शेवटी खरं बोलला: "मले नाई आवडत खान. पण नोकरी असली तं पोरगी भेटते." दया आली. नाव सोडणार नाही.

१९ जाने.
तूर निघाली. शेवटचीच. बाबा बांधावर बसले.
"पयले काय उचलतात?"
वरची माती, मग दगड, मग कोळसा. ऐटीत सांगितलं, खाणीवर जाऊन पाहून आले होते ना.
"आपली माती कोन नेईन मंग?"
हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. बाबांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं नाही, बांधावर ठेवून दिलं.

२३ जाने.
बाबांनी अर्जात माझं नाव लिहिलं. दादासमोर.
"दुसऱ्यानं माती उचलल्यापेक्षा तुह्या हातानं जाऊ दे. तुह्यावानी हळू कोनी नेणार नाई."
डंपर मला येईलच, त्यात शंका नाही. पण दादाचंच नाव असतं तर बरं, असं आज पहिल्यांदा वाटलं. सोमवारी झेंडावंदन, म्हणून मंगळवारी वणीला खाणीच्या ऑफिसात जायचं. अर्जावर माझी सही तेवढी बाकी.