व्याध उजवीकडे

अंधेरी (पूर्व),
६ ऑगस्ट १९८४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमच्या बिल्डिंगीत फोन यायला अजून सात वर्षं आहेत असं टेलिफोनवाले सांगतात. माझ्या शिफ्टा आणि तुझी शाळा सांभाळून अंधेरीहून मुलुंडला येणं त्याहून कठीण. तेव्हा पोस्ट खातं चिरायू होवो.

बातमी वाईट आहे. आमचा सिनेमा लागला, चालला, आणि माझी वाट लागली. गेल्या आठवड्याच्या साप्ताहिकात ‘ध्रुव’ नावाच्या कुणा दिवट्याचं पत्र आलंय. हा इसम थिएटरात पंचांग घेऊन बसतो की काय, देव जाणे. म्हणे गाण्याच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेत आणि आकाशात द्वितीयेची कोर! ती तर दिवेलागणीनंतर तास-दीड तासात मावळते. त्यात मी कोरीच्या पोटात एक चांदणी रंगवली होती, शोभेला. त्यावर लिहितो, ‘चंद्राला आरपार भोक पडलेले दिसते, निर्मात्यांनी ते लवकर बुजवून घ्यावे.’ ताई, एकोणीस वर्षं मी पडदे रंगवतोय. माझ्या समुद्राला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत, डोंगराला नाहीत, आणि ह्याला नखाएवढी चांदणी खुपली!

श्यामसुंदर शेठनी, म्हणजे आमच्या निर्मात्यांनी, ते पत्र सगळ्या युनिटसमोर मोठ्याने वाचलं. लाइटवालेसुद्धा हसले. पुन्हा असं छापून आलं तर मी पडदे सोडून स्टुडिओचं फाटक रंगवायचं, असा हुकूम झालाय. क्षमा म्हणते, जेवून घ्या, पण घास उतरत नाही गं.

ह्या ध्रुवाला मला एकदा गाठायचंय. तुमच्या गच्चीवरच्या आकाशमंडळात असलीच माणसं जमतात ना? जरा चौकशी कर. भावजींना नमस्कार.

तुझी माया आटू नये, एवढंच मागणं.
तुझा,
विद्याधर

मुलुंड,
९ ऑगस्ट १९८४

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘ध्रुव’ या नावाने आपल्याला पत्रे पाठवणारी मी. माझे खरे नाव आपल्या दप्तरी आहे, ते कृपया तिथेच राहू द्यावे. विद्याधर रेडकर नावाचे गृहस्थ चौकशीला आले, तर त्यांना चहा पाजावा, पण पत्ता देऊ नये. ते माझे सख्खे धाकटे भाऊ आहेत.

ती कोर त्याने रंगवली, हे मला ठाऊक नव्हते. कसे असणार? सिनेमाच्या सुरुवातीला नायिकेच्या केशभूषाकाराचे नाव येते, पण पाठीमागचे सगळे आकाश रंगवणाऱ्याचे येत नाही. त्याला हसे सोसावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. मात्र पत्रातला एकही शब्द मागे घेत नाही, कारण कोर चुकलेलीच आहे.

आपली नम्र,
सौ. माणिक नेरूरकर

मुलुंड,
१० ऑगस्ट १९८४

चि. विद्याधर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौकशी केली. आमच्या मंडळात एकूण पाच डोकी. एका पोस्टमास्तरांना शुक्रापलीकडे काही दिसत नाही, दोघीजणी बटाटेवड्यांसाठी येतात, तुझे भावजी दुर्बीण पुसतात आणि पाचवी मी. ध्रुव असल्याचं कुणीही कबूल करत नाही. माणूस उद्धट आहे, हे मात्र तुझं म्हणणं मान्य.

पण बाळा, कोरीच्या पोटात चांदणी? कोर असली तरी चंद्र अख्खाच असतो रे, नुसता उरलेला भाग अंधारात असतो. त्याच्यातून पलीकडचं कसं दिसेल? भांडुपच्या घराच्या ओट्यावर आडवं पडून तुला मी आकाश शिकवायला घेतलं होतं. कृत्तिकांपर्यंत यायच्या आत तू घोरायला लागायचास. त्याची फळं आता पडद्यावर दिसतायत.

घरात अशी बहीण असताना तू कॅलेंडरवर बघून चंद्र काढतोस! चांदण्या म्हणजे काय अनारशावरची खसखस आहे, चिमूटभर टाकली की झालं? पुढच्या सिनेमात आकाश असेल तर आधी मला लिही. नकाशा मी देईन. आणि जेवत जा, शेठच्या हुकमावर उपास कसले करतोस?

राग गेला की उत्तर लिही, नाही गेला तरी लिही.
तुझी,
ताई

अंधेरी,
३ डिसेंबर १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आलं बघ आकाश! मढच्या एका बंगल्यात दिवसाचं शूटिंग झालं, आणि त्याच बंगल्याची गच्ची आता स्टुडिओत उभारलीय. पौष महिन्यातली रात्र, नायिका एकटी नवऱ्याची वाट बघतेय. आठ मिनिटांचा सीन आहे आणि तिच्यामागे नुसतं आकाश. शेठना चंद्र हवाच होता, त्याशिवाय बाई दिसणार कशी म्हणून. मी म्हटलं, अमावास्या दाखवूया, म्हणजे ध्रुवाला दातच उरणार नाहीत. ध्रुवाचं नाव काढल्यावर शेठनी चंद्राचा हट्ट सोडला. आता ते त्या माणसाला प्रेक्षकांपेक्षा जास्त भितात.

आणि ऐक, शेठनी सगळ्यांदेखत शब्द दिलाय. ह्या खेपेला ध्रुवाने चांगलं लिहिलं तर पुढच्या सिनेमापासून सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर ‘पडदे : विद्याधर रेडकर’ असं नाव येणार. हसलाच तर फाटक आणि रंगाचा डबा. ताई, एकोणीस वर्षांत मी माझं नाव फक्त रेशनकार्डावर वाचलंय. मला ते एकदा मोठ्या अक्षरांत बघायचंय गं.

ह्यावेळी रंगवणार नाही. काळ्या कापडाला भोकं पाडून मागून बारके बल्ब लावायचे, म्हणजे तारे खरे वाटतात. पुढून खडूची रेघ मारली तर कॅमेऱ्यात उमटते, म्हणून नकाशा ठेवून सगळ्या खुणा कापडाच्या मागच्या बाजूने करायच्या, ही आमची नेहमीची पद्धत. तेव्हा नकाशा मोठा आणि ठसठशीत पाठव.

तुझ्या नकाशाकडे डोळे लावून बसलेला,
विद्याधर

मुलुंड,
१० डिसेंबर १९८४

चि. विद्याधर यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत नकाशा आहे. तीन रात्री गच्चीवर बसून काढलाय, त्यामुळे शिंका त्याच्याबरोबर फुकट येतील. पौषातली रात्रीची दहाची वेळ, तोंड दक्षिणेला. मधोमध मृग, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण. डावीकडे खाली व्याध, तो सगळ्यांत तेजस्वी, त्याला मोठा बल्ब लाव. उजवीकडे वर रोहिणी, तिला जरा तांबूस कागद लाव. तिच्याही पलीकडे कृत्तिकांचा झुबका, ज्याच्या आधी तू झोपायचास. एकूण चाळीस तारे पुरेत. लाइटवाल्यांनी उरलेले बल्ब हौसेने कुठेही खोचले तर मी स्वतः येऊन काढीन.

आयुष्यभर सिनेमातली आकाशं बघून मी कपाळ बडवत आले. एक तरी खरं बघायला मिळू दे, तेही माझ्या भावाच्या हातचं. नाव येईल रे, का नाही येणार?

क्षमाला आशीर्वाद. सर्दी बरी आहे, माया जुनीच आहे.
तुझी,
ताई

अंधेरी,
२० जानेवारी १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सीन झाला. दिवे लागले तेव्हा चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, झकास.

तुला सिनेमा बघायची फार घाई नको. शाळेची कामं असतात, सर्दीही असते. ध्रुव काय ते बघेलच.

जास्त काय लिहू. लोभ आहेच, तो राहू दे.
विद्याधर

मुलुंड,
९ सप्टेंबर १९८५

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

काल सिनेमा पाहिला. अख्खे आकाश उलटे आहे. व्याध उजवीकडे, रोहिणी डावीकडे, जणू कुणी आरशात धरले आहे. कापडावर मागून खुणा करणार, असे त्याने मला स्वतः लिहिले होते. मागून केलेले पुढून उलटे दिसणार, हे मुलींना भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात येऊ नये! आठ मिनिटे मी खुर्चीचा हात धरून बसले होते. एरवी असे सापडते, तर मी दोन पाने मीठमिरची लावून लिहिली असती.

तरीही सोबतचा मजकूर जसाच्या तसा छापावा. आपल्याला तो पटणार नाही, मलाही पटलेला नाही.

‘पडद्यावर प्रथमच खरे आकाश पाहिले. मृग, व्याध, रोहिणी आपापल्या जागी. करणाऱ्याला सलाम. — ध्रुव’

आपली,
सौ. माणिक नेरूरकर

अंधेरी,
२८ ऑक्टोबर १९८५

ती. ताईस, ऊर्फ ध्रुवास,
सा. न. वि. वि.

दचकू नकोस. बस आधी, मग वाच.

दिवे लागले त्याच क्षणी चूक माझ्या लक्षात आली होती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी पडद्यापुढे उभा राहून तुझा व्याध शोधत होतो. तो सापडला, पण उजवीकडे. बोललो असतो तर दिवसभराचं शूटिंग फुकट. पुढचे आठ महिने मी ध्रुवाच्या पत्राची वाट बघत होतो, मनातल्या मनात फाटकाचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता.

मग ते पत्र आलं. शेठनी चौकट करून ऑफिसात लावलं, मला पेढा भरवला, नाव पक्कं झालं. घरी येऊन पुन्हा वाचलं. ज्याला कोरीच्या पोटातली चांदणी खुपते, त्याला अख्खं आकाश उलटं दिसत नाही? असं कसं होईल? त्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं. माझ्यासाठी एवढं धडधडीत खोटं लिहिणारं ह्या मुंबईत एकच माणूस आहे, आणि ते मुलुंडला गच्चीवर शिंकत बसतं. तरीच चौकशीत कुणी सापडलं नाही! चंद्राला भोक पाडलंस होय गं माझ्या?

इथपर्यंत मी चूप बसलो असतो. पण पुढच्या अंकात वाचकांची अकरा पत्रं आली, ती तू वाचली असशीलच. ध्रुवाला मोतीबिंदू झालाय, ध्रुवाने आता पडद्याऐवजी चष्म्याचं दुकान बघावं, ध्रुव विकला गेला. ताई, तुला मी वाट्टेल ते बोलेन, तो माझा हक्क आहे. माझ्या बहिणीला आंधळी म्हणणारे हे कोण लागून गेले? दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी मीच साप्ताहिकाला माझ्या नावाने पत्र टाकलं, की आकाश माझ्या हातून उलटं झालं, ध्रुवाला ते स्पष्ट दिसलं होतं, आणि एका कारागिराची भाकरी जाऊ नये म्हणून त्याने आपलं नाव पणाला लावलं. गेल्या आठवड्याच्या अंकात आलंय. खाली छापलंय, विद्याधर रेडकर. अक्षरं बारीक आहेत, पण नाव माझंच आहे.

शेठ शब्दाचे पक्के. चौकट उतरली, पाटीवरचं नाव गेलं आणि परवा सकाळी रंगाचे डबे माझ्या पुढ्यात आले. क्षमा आधी चिडली, मग म्हणाली, बरं केलंत.

भाऊबीजेला तू आणि भावजी इकडेच या. ओवाळणी स्टुडिओच्या दाराशी आहे. फाटकासमोर उभं राहिलं की तोंड नेमकं दक्षिणेला होतं. निळा रंग देऊन झालाय, पांढरा आज दिला. ह्यावेळी सगळ्या खुणा पुढून केल्यात आणि व्याध डावीकडे आहे.

आता तरी मला टोपणनावाने लिहू नकोस. लोभ कर, पण सही खरी कर.
तुझा,
विद्याधर